पॅनलवरची चादर

बसा पोट्टेहो, जरा सरकून बसा. अपेक्षा, तुह्या त्या मोबाइलचा उजेड बंद कर आधी, डोळ्यात जाते. भुताची गोष्ट पाह्यजे म्हणता न? मंग ऐका. पण ही भुताची आहे का कशाची, ते मले अजूनई सांगता येत नाई. ज्याच्यावर गुदरली तो शाकीब आपल्या वलगावचाच. गाड्याइच्या टपावर सोलर पॅनल बसवते, आत बॅटरी ठेवते, मंग लोकं चिखलदऱ्यात तंबू ठोकून पंखे फिरवत झोपते. खोटं बोलाची त्याले सवय नाई. तेवढं डोकंच नाई त्याले.

ह्याच जानेवारीतली अठरा तारीख. रविवार, पौषातली अमावस्या. शाकीब तीन दिवसापासून धड झोपला नव्हता. शनिवारी रातभर एका टुरिस्टवाल्याची गाडी तयार करून दिली, अन् उजाडाच्या आत मोटरसायकलवर बार्शीटाकळीचा रस्ता धरला. जाणं भागच होतं. बार्शीटाकळीच्या पलीकडे वावरात माणिकबाईचं घर आहे. म्हातारीची छाती निकामी झालेली, ऑक्सिजनची मशीन रातदिवस लागते. अन् तिथली लाइटची डीपी जळाली. हिवाळ्यात सारे एका वक्ती मोटारी लावून हरभऱ्याले पाणी देते, डीपी जळन नाई तं काय होईन? चार दिवस लाइट नाई. सिलिंडरवर भागवलं, तेई आता शेवटचं. तवा तिच्या पोरानं, किशोरनं, बापाची जुनी व्हॅन आंगणात लावली अन् शाकीबले फोन केला. पॅनल-बॅटरी टेम्पोनं आदल्या दिवशीच पोचवली होती. टपावर पॅनल, आत बॅटरी, अन् तिथून वायर थेट मायच्या खाटेपर्यंत, असं काम होतं. बाप म्हणजे खुशालराव. ते मागच्या श्रावणातच गेले.

आता ह्या कामातली एक गोष्ट समजून घ्या. पॅनलले ऊन लागलं का त्यात करंट येते, बटन-बिटन काई नसते त्याले. म्हणून वायरी जोडाच्या वक्ती त्याच्यावर जाड चादर टाका लागते. जोडणं झालं का चादर काढाची, मीटर पाहाचं, मंगच निंगाचं. शाकीबनं आपली सोलापुरी चादर टाकली, चारी कोने बांधले, वायरी कसल्या. मशीन लावून पाह्यली, बॅटरीवर सुरू झाली. तेवढ्यात अकोल्याहून फोनावर फोन.

माणिकबाई म्हणे, "बाबू, भाकर खाऊन जाय."

"नाई मावशी, तिकडं लोकं वाट पाहून राह्यले," शाकीब म्हणे. "आता दिवसभर उन्हानं बॅटरी भरन. सिलिंडर सरलं का मशीन लावा, अन् रातीले बेफिकीर झोपा तुमी."

अकरा वाजता निंगला. रस्त्यावर पाट्या लावते न, अति घाई संकटात नेई? त्या वाचत वाचतच गेला असन बेटा.

अकोल्याचं काम रातच्या दहाले सुटलं. घराकडं निंगाले त्याले अकरा झाले. बोरगाव मंजूच्या पुढं डोळे उघडे राहीनात, म्हणून एका ढाब्यावर गाडी लावली. बाकावर घटकाभर आंग टाकावं म्हटलं, अन् चादर काढाले पिशवीत हात घातला.

पिशवीत पेचकस होते. पकड होती. चादर नव्हती.

बाराले वीस कमी होते.

चादर पॅनलवरच राह्यली होती. म्हणजे दिवसभराचं ऊन चादरीवर पडलं, बॅटरीत थेंबभर गेलं नाई. नवी बॅटरी अर्धीच भरून येते. अर्ध्या बॅटरीवर मशीन चालन पाच तास. सिलिंडर सातपर्यंत पुरन, असं किशोर म्हणला होता. सात अन् पाच, बारा.

किशोरले फोन लावला. लाइट नाई म्हणून तिकडचा टॉवरई आता बंद पडला होता. पाच वेळा लावला, मंग उठला अन् गाडी वापस फिरवली. इतका थकेल होता का रडू येत होतं, पण रडाची ताकद नव्हती. "या अल्ला, माह्या घाईपायी एक जीव चालला," एवढंच म्हणत राह्यला. थंडीनं बोटं वाकडी झाली. अकोला मागं पडलं, बार्शीटाकळी मागं पडली. पुढं कच्चा रस्ता, दोन्हीकडं तूर, अन् गाडीच्या दिव्यापुरतीच जमीन.

घर आलं तवा एक वाजाले दहा कमी होते.

उजेड नाई. कुत्रं नाई भुकलं. व्हॅन आंगणात उभी. टपावर चादर.

शाकीब दाराशी गेला. हात उचलंना. मंग कान लावला...

फुस्स... टक. फुस्स... टक.

मशीन चालू होती. मोबाइलचा उजेड धरून खिडकीतून पाह्यलं, माणिकबाई झोपली होती, नाकात नळी, छाती खालवर होऊन राह्यली होती. किशोरले खाटेशी बसल्या बसल्याच डुलकी लागली होती. शाकीबचा जीव भांड्यात पडला. पण अर्धं मिनिटच. कारण हिशोब तं बाराचा होता... चालते कशावर?

व्हॅनचं दार उघडलं. मीटर पाह्यलं. बॅटरी नव्वद टक्के. अन् त्याच्याखाली... पॅनलकडून करंट येऊन राह्यला होता. भर दुपारी येते तेवढा.

रातच्या एक वाजता. अमावस्येले. चादरीखालून.

तो टपावर चढला. कोने जसे बांधले तसेच. चादर दहिवरानं ओली, गार. त्यानं एक कोना सोडला. बाही कोपरापर्यंत सारून उजवा हात आत सरकवला...

आत ऊन होतं.

काच तापेल नव्हती. ऊन होतं. वैशाखातलं. दुपारचं. फटीतून एक पिवळी रेघ त्याच्या छातीवर आली...

अन् आतून कोणीतरी त्याचा हात धरला.

...

ओढला नाई. मनगटाले धरून हळूच बाहेर आणून ठेवला. म्हातारा, खरबरीत हात होता. मंग चादरीचा कोना आतूनच खाली गेला... लेकराचं पांघरूण सारखं करावं तसा.

शाकीब खाली कसा आला, ते त्याले आठवत नाई. चाकाले टेकून बसला. पळावं वाटे, पण मीटर सोडून जाववत नाई. आत मशीन चालू. फुस्स... टक. सव्वासहाले फटफटलं, तसा मीटरवरचा आकडा उतरला. दहा. चार. शून्य. तवा तो वर गेला अन् चादर काढली. खाली नुसती गार काच. मंग थोड्या येळानं खरं ऊन आलं.

किशोर डोळे चोळत बाहेर आला. म्हणे, "शाकीबभाई, एवढ्या सकाळी? चादर धुळीपायी होती न? मी काई हात लावला नाई."

शाकीब आत गेला, खाटेशी बसला अन् सारं सांगितलं. चादरीचं, हिशोबाचं, रातचं. "मावशी, माह्या हातानं तुमचा जीव गेला असता," म्हणे, अन् तवा रडला.

"मी तं लय दिवसानं अशी झोपली रे बाबू," म्हातारी म्हणे. तिनं त्याचा हात हातात घेतला, अन् थांबली.

हात कोपरापर्यंत उन्हानं भाजेल होता. जानेवारीत. लालभडक, कातडं सुटाले आलेलं. फक्त मनगटाभोवती पांढरे पट्टे. जिथं धरला होता, तिथं ऊन लागलं नव्हतं. एक पट्टा अंगठ्याचा. बोटाचे तीन. चार नाई, तीन.

म्हातारीनं पट्ट्याइवरून बोट फिरवलं. दोनदा मोजले. मंग हळूच म्हणे, "ह्यायची करंगळी कडबाकुट्टीच्या मशीनीत गेली होती."

किशोर भिंतीले टेकून खाली बसला.

तीन महिने झाले त्याले. भाजेल कातडं निंगून गेलं, नवं आलं. पट्टे काई जात नाई. वलगावले गेले तं शाकीबले म्हणा, उजवी बाही वर कर. कोणाले दाखवत नाई तो. पण माह्यं नाव सांगा, दाखवन.