नाव माहीत नाही

“आई दिसायला कशी होती?”

एलियोनं हा प्रश्न बोलायला लागल्यापासून सगळ्यांना विचारला, पोरांनो, पण उत्तर कुणीच दिलं नाही. बाप रेडिओ मोठा करायचा. आत्या त्याच्या ताटात आणखी एक गोड पाव टाकायची. थोरला भाऊ दुआर्ते म्हणायचा, “ती गेली तेव्हा मी झोपलो होतो. आणि तिचा एकही फोटो राहिला नाही.”

हा दुआर्ते म्हणजे आपल्या ला वेगा गावातला फोटोवाला. काढणारा नव्हे, गोळा करणारा. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडायचा. पांढरे सुती हातमोजे घालून एकेक फोटो उचलायचा आणि मागे पेन्सिलीनं नावं लिहायचा. बदामाच्या बागा लावणारे, कालवा खोदणारे, समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेले आपले गवळी. कुणाच्या पणजीच्या कुत्र्याचं नावसुद्धा त्यानं हुडकून काढलं होतं.

गेल्या डिसेंबरात धुक्यात त्याची गाडी कालव्यात गेली. ते मोजे एलियोनंच शवपेटीत त्याच्या हातांत चढवले.

त्यानंतर अकरा दिवसांनी, अठरा तारखेला, गुरुवारी रात्री आठ वाजता, एलियो दादाचा शेवटचा खोका घेऊन जुन्या लोणी कारखान्यातल्या फोटोसंग्रहात गेला. तो संग्रह सांभाळणाऱ्या, साऱ्या गावाच्या इदालिना मावशीनं बोलावलं होतं.

“दाढी तरी करायचीस रे. दादानं तुला असा आत घेतला नसता.”

“दादा असता तर मी आलोच नसतो. चार अक्षरं वाचायची म्हटली की मला घाम फुटतो.”

मावशी हसली आणि खोक्याच्या तळातून तिनं एक पाकीट काढलं. आत एकच फोटो होता. मागे दुआर्तेच्या अक्षरात लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं, “नाव माहीत नाही.” मग म्हणाली, “नवल आहे. हे त्यानं कधीच कुठे लिहिलं नाही.”

फोटोत बसथांबा होता. एक बाई, पायाशी सूटकेस, कडेवर वर्षाचं मूल. आणि समोरच्या उन्हात, रस्त्यावर, फोटो काढणाऱ्याची सावली. लहान मुलाची. कोपर बाहेर काढून कॅमेरा धरलेली.

कडेवरच्या मुलाच्या उजव्या कानाची पाळी दुभंगलेली होती.

एलियोचा हात आपल्या कानाकडे गेला.

“मावशी, ही कोण?”

मावशीनं चष्मा काढला. पुसत बसली.

“आणि ही सावली? आमच्या घरात कॅमेरा कुणाकडे होता?”

“दुआर्तेला दहाव्या वाढदिवसाला...” मावशी थांबली.

म्हणजे दादा झोपला नव्हता. बसथांब्यापर्यंत गेला होता. धाकट्याला घेऊन परतही तोच आला असणार.

एलियोनं फोटो सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि निघाला. पावणेदहा झाले होते. कालव्याच्या बांधावर धुकं असं की गाडीचं नाक दिसेना. दादाची गाडी गेली त्या वळणावर पुढे काहीतरी पांढरं दिसलं.

दोन मोजे. छातीच्या उंचीवर. वर काही नाही. खाली काही नाही.

त्यानं ब्रेक दाबला. काच खाली केली.

“दादा, तू जागा होतास.”

मोजे हलले नाहीत.

“पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवलास. सगळ्या गावाच्या आया शोधल्यास. माझी पाकिटात दडवलीस. का?”

इंजिन बंद पडलं. पाणी ठिबकत होतं. कालव्यात नाही. जवळ.

एक मोजा पुढे आला. खिडकीतून आत. त्याच्या खिशावर टेकला. गार... ओला...

“बोल ना.”

मग नुसतं धुकं.

पहाटे चार वाजता तो गोठ्यावर आला, धारा काढायला. मी मुकादम होतो तेव्हा. हे सगळं त्यानं मला तिथेच सांगितलं, गाईंकडे तोंड करून.

“मारला असता मी त्याला, काका. पण वाटलं, आता सांगेल. म्हणून थांबलो.”

खिशातून त्यानं फोटो काढला. सदरा भिजलेला, फोटो कोरडा. बाई होती. सूटकेस होती. मूल होतं. समोर रस्त्यावर स्वच्छ ऊन होतं. सावली नव्हती. इदालिनाला मी नंतर विचारलं. तिनं ती सावली आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

“बघा,” एलियो म्हणाला. “काही न सांगता गेला. आपली सावलीसुद्धा घेऊन गेला.”

मला वाटलं, आता फाडतो. त्यानं माझ्याकडे पेन्सिल मागितली. बादली उलटी करून बसला आणि फोटो मांडीवर पालथा घातला. दादानं लिहिलेलं थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं. मला एकेक अक्षर विचारत त्यानं आईचं नाव लिहिलं, फिलोमेना. खाली आपलं लिहिलं. गाई ओरडायला लागल्या.

शेवटी त्यानं पेन्सिल पुन्हा टेकवली आणि कुणाला काही न विचारता लिहिलं: फोटो काढणारा, दुआर्ते.