नागूचा सिग्नल

लातुरात शिकवणीवर्गाच्या फलकांना भिंत पुरेना, त्या वर्षांतली गोष्ट. महादेवप्पा सरांनी कुठल्या तरी कंपनीनं भंगारात काढलेले, तळहातावर मावणारे जुने कॉम्प्युटर पोतंभर उचलून आणले. प्रत्येक पोराच्या हाती एक, परीक्षा बिनवायरची. शेजारचे क्लासवाले जळले पाहिजेत, एवढीच त्यांची शिक्षणाविषयीची तळमळ. मी त्यांच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ‘सदफ बघेल,’ म्हणत पोतं माझ्या टेबलाखाली ढकललं गेलं.

यंत्रं चालू झाली, पण वायरलेस कार्डांचा ड्रायव्हर नव्हता. कार्ड कसं वापरायचं ते यंत्राला सांगणारी ती फाइल नसेल, तर कार्ड म्हणजे नुसता पत्रा. इंटरनेटवर जगभरच्या शहाण्यांनी ‘हाच खरा ड्रायव्हर’ म्हणून निव्वळ कचरा टाकून ठेवला होता. एकही चालेना. शेवटी कळलं, निलंग्याकडच्या गुंडप्पा नावाच्या माणसानं एका सर्वेक्षणात हीच यंत्रं वापरली होती आणि सीडी अजून त्याच्याकडे आहे.

दुपारी एसटीनं गेले. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सगळी घरं एका साच्यातली. गुंडप्पा म्हातारपणाकडे झुकलेला, अबोल. सीडी लगेच दिली, पण म्हणाला, “बाई, लातूरला नेऊन लावा. हितं चालू करू नका.”

का, विचारलं तर ओढ्यापलीकडे बघत राहिला. तिकडं जुनं गाव पडलं होतं. मला हसू आलं. कळत नाही तिथं भूत बसवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. त्याच्याच ओट्यावर लॅपटॉप उघडून, सोबत आणलेल्या एका यंत्रावर मी ड्रायव्हर चढवला. कार्डाचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर एकच नेटवर्क आलं. नाव, नागू.

गावात लाइट नव्हती. असलं यंत्र कुणाकडे आहे, म्हणून विचारलं, तर गुंडप्पा नुसता भिंतीला टेकला.

कुणीतरी टवाळखोर असणार, त्याला पकडू म्हणून मी यंत्र घेऊन निघाले. ओढा ओलांडला तसा सिग्नल वाढत गेला. बाभळींत दगडांचे ढीग. ऊन रखरखीत, तरी नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा वास येत होता. पाखरू ओरडत नव्हतं. एका ढिगावर चढले आणि सिग्नल पूर्ण भरला. पडद्यावर प्रश्न आला: आवाजाची फाइल येत आहे, घ्यायची का?

मी ‘हो’ दाबलं.

आधी दगडावर दगड घासल्याचा आवाज. मग तोंडात माती असावी तशी एक बाई, “वर कोन हाय...?”

मी फाइल तिथंच थांबवली. मागून आलेला गुंडप्पा ढिगाच्या कडेला खाली बसला. नागू त्याची बायको. भूकंपाच्या पहाटे भिंतीखाली गेली आणि ऊन वर येईस्तोवर हाका मारत होती. नखं निघेपर्यंत त्यानं दगड ओढले. सर्वेक्षणाच्या वेळी हाच आवाज आला, तेव्हा त्यानं कामच सोडलं.

“मग सीडी कशाला ठेवली?”

“फेकवत न्हाई, बाई.”

परतीच्या गाडीत यंत्र पिशवीत तळाशी ठेवलं, तरी मांडीवर जड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी घडलेलं सांगितलं, तर सरांनी फाइल ऐकायला मागितली. केबिनमध्ये ऐकताना ते मिशीत हसत होते. खेड्यातल्या लोकांना दुसरा धंदा नाही, म्हणाले. आदल्या दुपारपर्यंत मीही हेच म्हटलं असतं. “वर कोन हाय...?” झालं. मी तिथं थांबवली होती, पण फाइल पुढं चालू राहिली. पुन्हा दगड सरकले. मग दुसऱ्या बाईचा आवाज आला, स्वच्छ, जवळून.

“थांबा... दगड काढते. तुम्ही बोलत राहा...”

सरांचं हसू ओसरलं. “सदफ... हा तर तुझा आवाज आहे.”

त्या ढिगावर असलं काही मी बोललेच नव्हते. हे त्यांना सांगणार, तेवढ्यात दगडांखालून नागू म्हणाली, अगदी हळू,

“बाई, जरा सरक... माज्या अंगावर उभी हाईस.”