चवबाईंनी गिळलेला घोट

फिल्टर कोणता घ्यायचा यावर आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा माझं लग्न ठरवतानाही झाला नव्हता. मी शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांच्या नळाचं पाणी तपासायचं आणि घरी येऊन आपल्या नळाचं निमूटपणे प्यायचं, हा माझा शिरस्ता. पण आत्याचं पोट सारखं बिघडायला लागलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या नळाची एक बाटली भरून कामावर नेली. जंतू नव्हते, क्लोरिन बेताचं होतं, क्षार थोडे जास्त. शिसं मात्र मर्यादेच्या वर निघालं. आमच्या इमारतीचे पाइप जुने, त्यातूनच ते उतरत असणार.

आईवडील गेल्यावर आत्याने मला वाढवलं. तिच्या जिभेला हाड नाही. घरात ती मला ‘ठोंब्या’ म्हणते. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्यात तह झाला, की हा शब्द परक्या माणसासमोर काढायचा नाही. इतर कुठल्याही बाबतीत तोंड आवरता न येणाऱ्या माझ्या आत्याने हा एक तह मात्र प्राणपणाने पाळला.

फिल्टरबद्दल सल्ला द्यायला अख्खी इमारत हजर होती. समोरच्या काकू म्हणाल्या, यूव्ही घ्या. मी सांगितलं, त्याने जंतू मरतात, शिसं जागच्या जागी राहतं. कामावरचे साहेब म्हणाले, साधा कोळशाचा पुरे. त्याने वास जातो, पण क्षार राहतात. शेवटी मी आरओ घेतला. तो पाणी बारीक पडद्यातून दाबून काढतो, आणि पडद्याने जे जे अडवलं ते उरलेल्या पाण्याबरोबर एका नळीने बाहेर टाकतो. बायकोने त्या नळीखाली बादली ठेवली. फरशी पुसायला होईल, म्हणाली.

“हेच नळाचं पाणी पाजून वाढवलाय मी ह्याला,” आत्या फिल्टरकडे बघत म्हणाली.

“म्हणून तर फिल्टर आणलाय, आत्या,” बायको म्हणाली.

आत्याने त्यावर जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचं आम्हाला मिळालेलं ते शेवटचं धड उत्तर.

आत्याचं पोट सुधारलं. मग एका सकाळी बायकोने चहा दिला आणि आत्या म्हणाली, “छान झालाय.” बायकोच्या हातून झाकण पडलं. आमच्या घरात चहा एकतर पांचट व्हायचा नाहीतर काढा. छान तो कधीच झाला नव्हता. पुढे टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या केसांवर आत्या बोलेनाशी झाली. काहीही विचारलं तरी “तुम्हा दोघांना योग्य वाटेल तसं करा” एवढंच म्हणायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत हसतमुख बसून राहायची. समोरच्या काकूंनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन फिल्टर कुठल्या कंपनीचा ते विचारलं. त्यांना सासूबाईंसाठी हवा होता.

मी आणि बायको दोघंही कामावर जाणारे, आमचं पाणी बहुतेक तिथलंच. घरात दिवसभर फिल्टरचं पाणी पिणारी एकटी आत्या. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण घरात शांतता नांदत असताना तिचं कारण कोण शोधतं?

फरशीची गोष्ट बायकोने सांगितली, तीही अडखळत. “त्या बादलीतल्या पाण्याने पुसलं ना, की मला ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं. आज कपाटामागचा कोपरा राहिला होता. कोणीतरी म्हटल्यासारखं झालं, म्हणून परत जाऊन पुसला.”

“कोण म्हणालं?”

“कोणी नाही. घरात आत्याच, आणि त्या तर हसत बसलेल्या.”

मी हसलो. मग बादलीपाशी गेलो. पाणी स्वच्छ दिसत होतं, वास नव्हता. वाकून बघता बघता मी शर्ट पँटमध्ये नीट खोचला. का खोचला ते मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या पाण्याची बाटली मी प्रयोगशाळेत नेली.

यंत्रांना त्यात जे सापडायला हवं तेवढंच सापडलं. क्षार आणि शिसं, दोन्ही नळापेक्षा जास्त. राहिली चव. आमच्याकडे पाण्याची चव सांगायला एक बाई आहेत, त्यांना सगळे चवबाई म्हणतात. फार मऊ बोलणारी बाई. घोट तोंडात फिरवायचा, भांड्यात थुंकायचा आणि “सर, मातकट” किंवा “सर, गंजका” एवढंच सांगायचं. थुंकायचा नियम त्यांनी नोकरीत कधी मोडला नव्हता.

त्यांनी घोट घेतला, फिरवला. आणि गिळला.

“शर्टाचं बटण तुटलंय, ठोंब्या,” त्या म्हणाल्या. “चारचौघांत असाच हिंडतोस?”

साहेबांनी मान वर केली. बटण खरंच तुटलं होतं.

“अगबाई! सॉरी, सर,” चवबाईंनी तोंडावर हात ठेवला. “मी काय बोलले?” मग बाटलीकडे बघत हळूच म्हणाल्या, “आणखी आहे का हो हे?”

मी तसाच घरी आलो आणि फिल्टर भिंतीवरून उतरवला. आत्याला पुन्हा नळाचं पाणी सुरू केलं. न गाळलेलं पाणी पोटात गेलं की आपली आत्या परत येईल, असा माझा शास्त्रीय हिशोब. आठवडाभर वाट पाहिली. मग बायकोने नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून मी चिखलाचे बूट घालून आत्यापर्यंत चालत गेलो. लहानपणी ह्या गुन्ह्याला माफी नव्हती.

“असू दे,” आत्या म्हणाली. “वाळेल.”

मी आतल्या खोलीत जाऊन रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, शिव्या मिळाल्या नाहीत म्हणून.

बादलीत थोडं पाणी उरलेलं असणार. त्यात नळाच्या कितीतरी पट शिसं आहे, हे माझ्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक? तरी मी चमचा घेऊन उठलो. एकच चमचा द्यायचा, म्हटलं. एका चमच्याने काही होत नाही, असं मी जन्मात कोणाला सांगितलं नसेल.

बादली कोरडी होती.

“तुमच्या त्या चवबाई येऊन गेल्या, तुम्ही यायच्या आधी,” बायको म्हणाली. “मोठा कॅन घेऊन. फेरतपासणीला सगळं लागणार म्हणाल्या. तुम्हीच पाठवलं होतं ना?”

मी पाठवलं नव्हतं.

चवबाई त्यानंतर कामावर आल्या नाहीत. रविवारी सकाळी आमची बेल वाजली.

दारात त्याच होत्या, हातात कपड्यांची पिशवी. आमचं घर पाठ असल्यासारख्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावरून बोट फिरवलं. बोट बायकोच्या नाकासमोर धरलं.

“डोळे आहेत का भोकं?”

बायकोने फडकं उचललं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या तशी आत्या खिडकीजवळच्या खुर्चीतून उठली.

“या ना. बसा इथे.”

त्या बसल्या. मला जवळ बोलावून माझी कॉलर नीट केली. बोटं कडक होती, ओळखीची.

आत्या मला न्याहाळत होती. पाहुण्यांच्या मुलाकडे बघावं तसं, कौतुकाने.

“मुलगा तुमचा का हो?”

“मग कोणाचा?” त्या म्हणाल्या.

“छान वाढवलंत हो,” आत्या म्हणाली.