मामांना टेकडीचं बोलावणं

गॅसचा फुगा सोडला की वर जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग गॅस सुटलाय म्हणून टेकडीवर चढा, असं सांगणारा यंत्रमानव वेडा म्हणायचा की शहाणा? माझ्या ताईच्या लग्नात भर मांडवात हाच वाद पेटला होता.

आमचा मांडव बोरखिंड स्टेशनच्या खाली, ओढ्याकाठच्या खोलगट मैदानात होता. नवरानवरी नुकतीच स्टेजवर आली होती. तेवढ्यात वरच्या रुळांकडून धाडकन आवाज आला आणि थोड्याच वेळात रेल्वेचा चार पायांचा बचावयंत्रमानव ‘तत्पर’ मांडवात शिरला.

“मालगाडी रुळांवरून घसरली आहे. चालक सुखरूप आहे. एका टाकीतून क्लोरीन (पाणी शुद्ध करायला वापरतात तो विषारी वायू) गळत आहे. वारा इकडेच वाहत आहे. सर्वांनी उजवीकडच्या टेकडीवर जावे.”

आमच्याकडची माणसं उठली. पण नवरदेवाचे मामा, रंगराव, खुर्चीतून हलेनात, आणि त्यांच्याशिवाय वऱ्हाडातलं कोणीही हलणार नव्हतं. सकाळी पहिला चहा माझ्या काकांना दिला म्हणून मामा एकदा रुसून झालेच होते.

“गॅस वर जातो. आम्ही हितंच खाली बसणार. आन् तू कोण रं आम्हाला उठवणारा?”

तत्परने तीच सूचना आणखी मोठ्याने दिली. मामांनी पायावर पाय टाकला. “जास्त बोललास तर वऱ्हाड माघारी न्हीन!”

मी ताईची करवली, तिच्या शेजारीच उभी होते. तिचं तोंड पार उतरलं. “शाल्मली, काहीतरी कर गं. इथे बसले तर जिवाला मुकतील. आणि रागावून निघाले तर त्यांचा रस्ता रुळांवरूनच जातो!”

मी घाबरून मान खाली घातली, तर पायांत पांढरा धूर. नवरानवरीच्या थाटासाठी मांडववाल्याने सोडलेला. तो वर जातच नव्हता. स्टेजच्या पायऱ्या उतरून थेट मामांच्या चपलांत शिरत होता.

“तत्पर, हा धूर खाली का जातो?”

“तो कोरड्या बर्फाचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) आहे. त्यातून निघणारा वायू थंड आणि हवेपेक्षा जड असतो. तोच ते धुकं खाली ओढतो. फुग्यातला वायू हवेपेक्षा हलका, म्हणून वर जातो. क्लोरीन तर हवेच्या जवळजवळ अडीचपट जड! तो पाण्यासारखा उतारावरून येतो आणि खोलगट जागी साचतो.”

“आणि वाऱ्याबरोबर पळालो तर?”

“तो मागोमाग येईल. म्हणून वाऱ्याला आडवं जायचं, आणि उंचावर.”

“मामा, पायाकडं बघा!” मी ओरडले. “हा तरी वर जातोय का?”

मामांनी पाहिलं. पटलं, हे त्यांच्या मिशीवरून कळलं. पण एवढ्या लोकांत ‘नाही’ म्हणून बसलेला माणूस उठणार कसा?

“समजलं गं पोरी. पण असं हाकलल्यागत...” ते पुटपुटले.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तत्परला सगळं येत होतं, फक्त बोलावणं येत नव्हतं! आमच्याकडे वऱ्हाड आपण होऊन मांडवात येत नाही. वाजंत्री घेऊन, अक्षता देऊन, मानाने आणावं लागतं. मी तत्परच्या कानात (म्हणजे कान असावा असं मला वाटलं तिथे) सांगितलं.

तत्परने पुढचे दोन पाय दुमडले आणि पंजावर अक्षता धरल्या. “रंगरावमामा, सहकुटुंब सहपरिवार टेकडीवर येण्याचे करावे. आपल्यावाचून टेकडीला शोभा नाही.”

ताशा कडकडला. मामा फेटा सावरत उठले. “आता कसं! चला रं!”

टेकडी चढताना सगळ्यांत पुढे मामाच होते. वर पोचून त्यांनी वळून पाहिलं. पिवळट हिरवा पट्टा उतारावरून घरंगळत मांडवात शिरला आणि रिकाम्या खुर्च्यांवर पसरला. मामांच्या खुर्चीवरही. मला रडूच आलं.

“पाणी मारा की त्या टाकीवर!” मामा कळवळून म्हणाले.

“नको. ओला क्लोरीन आम्ल (धातू खाणारा द्रव) बनवतो. भोक मोठं होईल,” तत्पर म्हणाला. रुळांवर पोचलेल्या त्याच्या यंत्रमानव भावंडांनी गळतीवर घट्ट टोपण बसवलं, आणि हळूहळू तो पट्टा विरळ झाला.

संध्याकाळी टेकडीवरच लग्न लागलं. जिलब्या खालीच राहिल्या, पण टेकडीमागच्या वाडीवरून चहा आला. पहिला कप मामांपुढे धरला, तर त्यांनी तो तत्परकडे सरकवला.

“मी चहा पीत नाही.”

“पिऊ नगंस. पण पयला मान तुझा.”

तत्परने तो कप निवेपर्यंत पंजात धरून ठेवला.

आता रेल्वेच्या प्रत्येक तत्परच्या कप्प्यात वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांशेजारी अक्षतांची पुडी असते. मोठी झाले की मी यंत्रमानवांना माणसांशी बोलायला शिकवणार आहे. पहिल्या वर्गाला रंगरावमामांनाही बोलवीन. वाजंत्री घेऊन!