पाणपोईवरचं नाव

बॉनेटखालून वाफ यायच्या चांगला अर्धा तास आधी वेलिकाने जावयाला सांगितलं होतं, "काटा बघ."

रुमेनने इंजिनाच्या तापाचा काटा पाहिला नाही, सासूकडेही पाहिलं नाही. "आई, गाडी मी चालवतोय ना? तुम्ही डोंगर बघा."

"डोंगर मी सत्तर वर्षं बघतेय. ते कुठे पळत नाहीत. काटा पळतोय."

ऑगस्टची दुपार होती. रोडोपी डोंगरांच्या घाटात झाडाचं पान हलत नव्हतं. रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं आणि चाकांखाली चिकट आवाज करत होतं. बावीस वर्षांची ती गाडी तिसऱ्या गियरमध्ये धापा टाकत चढत होती. मागच्या सीटवर चीज भरून भाजलेल्या बानित्साचं ताट फडक्यात बांधून ठेवलेलं, त्यातल्या चीजला घाम सुटलेला.

गाडी कशी चालवायची हे वेलिकाला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेतही ती दोनच हिवाळे गेली होती. पण तिचा नवरा दोब्री याच घाटातून तीस वर्षं लाकडांचा ट्रक नेत होता आणि ती कितीदा तरी त्याच्या शेजारी बसून आली होती. चढणीला गियर आधीच खाली घ्यायचा, इंजिन रडायची वाट बघायची नाही. काटा वर सरकला की खिडक्या उघडून हीटर पूर्ण सोडायचा, मग माणूस भाजला तरी चालेल, इंजिन भाजता कामा नये. तीस वर्षांत दोब्रीचा ट्रक एकदाही उकळला नाही. या पोराची गाडी मात्र दर उन्हाळ्यात चहाच्या किटलीसारखी शिट्टी मारायची, आणि तरी ऐट अशी की जणू यानेच चाक शोधून काढलं.

आज मात्र उशीर चालणार नव्हता. घाटापलीकडे यावोर गावात वेलिकाची धाकटी बहीण नेदा अंथरुणाला खिळली होती. सकाळी नेदाच्या सुनेचा, स्लावकाचा फोन आला होता. "मावशी, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस. यायचं तर आजच या."

अकरा वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळं गाव जमलं होतं. तेव्हा भरल्या ताटावरून उठून वेलिका म्हणाली होती, "नेदा, तू आईला उपाशी मारलंस." ते खरं नव्हतं. आईचाच घास गिळणं बंद झालं होतं आणि हे वेलिकाला तेव्हाही ठाऊक होतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती. अकरा वर्षं तो शब्द तिच्या घशाशी होता. आज तो नेदाच्या देखत, तिच्या कानात परत घ्यायचा होता. एवढ्यासाठीच ती या किटलीत बसली होती.

नवव्या वळणावर वाफ आली. आधी बारीक, मग काचेवर पांढरा पडदाच.

"थांब. सावली बघ आणि थांब. ब्रेकवर उभा राहू नकोस, हळू घे."

वळणाच्या कुशीत स्प्रूसच्या झाडांखाली दगडी पाणपोई होती. तिथेच गाडी लागली. रुमेन उडी मारून बाहेर पडला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाला.

"हात लाव! लाव की! जावई भाजला तर मी तुझ्या बायकोला काय सांगू, उकडून आणला म्हणून? मागे हो. बॉनेट नुसतं वर कर आणि बस."

"किती वेळ?"

"हात ठेवता येईल इतका गार होईपर्यंत."

"आई, तिकडे मावशी..."

"मला माहीत आहे तिकडे कोण आहे." वेलिका म्हणाली. "उकळत्या इंजिनात गार पाणी ओतलंस तर ते तडकेल. मग तू मला पाठुंगळीला घेऊन जाणार आहेस का?"

ती दगडाच्या कठड्यावर बसली. चाळीस मिनिटं बसली. त्यातलं एकेक मिनिट नेदाचं होतं, हे तिला कळत होतं. तरी ती हलली नाही. तोटीतून बोटभर जाड पाणी सतत पडत होतं आणि त्या आवाजाखाली घाट हळूहळू बुडून गेल्यासारखा झाला. एकही गाडी आली नाही. लांब कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. त्या जवळही येत नव्हत्या आणि दूरही जात नव्हत्या.

अशा पाणपोया त्या रस्त्यावर जागोजाग आहेत. कोणाचं माणूस गेलं की घरचे त्याच्या नावाने दगड बसवतात, झरा तोटीत आणतात, वर नाव कोरतात. येणारा-जाणारा पाणी पितो आणि म्हणतो, देव अमक्याला क्षमा करो. पाण्याची किंमत तेवढीच. दोब्री ट्रकसाठी डबा भरायचा तेव्हाही नाव घ्यायचा. "गाडी प्यायली तरी नाव आपण घ्यायचं," तो म्हणायचा. "तिला तोंड नाही."

रुमेनने झाकणावर फडकं गुंडाळलं, पाव फेरा फिरवलं, फुस्स झालं, थांबला, मग काढलं. हे त्याने नीट केलं, हे वेलिकाने मनात कबूल केलं आणि तोंडाने म्हणाली, "आता बारीक धारेने ओत. फुलांना घालतोस ना, तसं."

तो डबा भरून आला. "नाव घ्या तुमचं. मी ओततो."

वेलिकाने दगडाकडे पाहिलं. कोरलेल्या अक्षरांवर शेवाळ चढलं होतं. दोब्री याच दगडापाशी कितीदा तरी नाव घेत असे आणि ती ट्रकमध्ये बसून विणकाम करत असे. एकदाही तिने कान दिला नव्हता. शेवाळ खरवडलं असतं तर अक्षरं दिसली असती. पण तिला एकेक अक्षर जुळवत वाचावं लागतं आणि जावई शेजारी उभा होता. 'आई, वाचता येत नाहीये का?' एवढं त्याने विचारण्यापेक्षा ती तहानेने मेली असती.

"देव क्षमा करो," ती घाईने म्हणाली, आणि पुढे काहीतरी नाव हवं म्हणून सकाळपासून जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "नेदाला."

रुमेन ओतत राहिला. त्याने काही ऐकलं नसावं.

वेलिकाने ओठ घट्ट मिटले. जिवंत माणसाचं नाव त्या जागी घेत नाहीत. तिच्या आईने ऐकलं असतं तर तोंडावर मारलं असतं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, एकदा, मग पुन्हा, आणि गाडीत जाऊन बसली. पाणी पडतच होतं.

गाडी किल्लीच्या पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. काटा तळाशी होता.

दहाव्या वळणावरही तळाशी होता. बाराव्यावर, जिथे चढण सगळ्यात उभी आहे, तिथेही. रुमेनने काट्याच्या काचेवर टिचकी मारली. "बिघडला वाटतं."

"हीटर बंद कर."

"बंदच आहे."

तरी पायांपाशी गार हवा येत होती. ओल्या दगडाचा वास होता तिला. वेलिकाने हीटरची कळ चाचपली. ती खरंच बंद होती. बाहेर ऊन झाडांवर नुसतं पडून होतं आणि काचेला आतून दव धरलं होतं. इंजिनाचा आवाजही बदलला होता. धाप नाही, कुरकुर नाही. पाण्यातून काही चालावं तसा मऊ, सलग आवाज. खिंडीपर्यंतची उरलेली चढण कशी संपली ते तिला कळलं नाही. उतार लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गियरमध्ये उतर, नुसत्या ब्रेकवर नको," आणि म्हणता म्हणता तिचे डोळे मिटले.

तिला झोप लागली असावी. झोपेत ती एका खोलीत बसली होती, कोणाचे तरी केस विंचरत होती, आणि बोलत होती. खूप दिवसांनी सोपं बोलत होती.

"आई."

तिने डोळे उघडले. यावोरची घरं दिसत होती. तिच्या अंगावर रुमेनचं जाकीट होतं.

"तुम्ही थरथरत होता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात ऐट नव्हती. "आणि सगळा वेळ बोलत होता."

"काय बोलत होते?"

"नीट नाही कळलं. आई, आवाज तुमचाच होता. पण मागच्या सीटवरून येत होता."

"झोपला होतास की काय गाडी चालवताना?"

"नाही." त्याने आरशात पाहिलं नाही. "मला आरशात बघवेना, एवढंच."

घरासमोर गाडी थांबली. रुमेनने उतरून बॉनेटवर तळवा ठेवला आणि लगेच काढला. एवढा घाट चढून आणि उतरून आलेली गाडी, आणि बॉनेट बर्फासारखं गार. त्याने तळवा पँटला पुसला. तो ओला झाला होता.

स्लावका फाटकात उभी होती. तिने वेलिकाकडे पाहिलं, मग बानित्साच्या ताटाकडे.

"मावशी, काही विसरलात का?"

"काय विसरले?"

"नाही, आत्ता तर गेलात. मी म्हटलं परत का..." ती हसायला गेली. "आणि दुपारी नुसत्या हाताने आलात, आता ताट? मी पाणी पुढे केलं तर घोटभरही घेतलं नाहीत. म्हटलं, अजून राग आहे."

"स्लावका," वेलिका म्हणाली, "मी आत्ता येतेय."

स्लावकाने रुमेनकडे पाहिलं. रुमेन जमिनीकडे बघत होता.

वेलिकाने ताट त्याच्या हातात दिलं आणि ती आत गेली.

खोलीत पडदा ओढलेला होता. नेदा उशीला टेकून बसली होती. उठून बसण्याचं बळ तिला तीन महिन्यांत आलं नव्हतं, असं स्लावका फोनवर म्हणाली होती. तिचे केस विंचरलेले होते. दोन वेण्या घातलेल्या, आई घालायची तशा, कानामागून वर वळवलेल्या. वेण्यांची टोकं ओली होती आणि चादरीवर थेंब पडत होते.

"आलीस," नेदा म्हणाली.

वेलिका पलंगाच्या कडेला बसली. सत्तर वर्षांत तिला शब्द कधी शोधावे लागले नव्हते. "नेदा, त्या दिवशी मी जे..."

"पुन्हा कशाला?" नेदाने तिच्या हातावर हात ठेवला. "दुपारभर तेच बोलत होतीस. शब्द मागे घेतलास ना? मी म्हटलं ना, झालं. आईला घास गिळवत नव्हता, हे तूच म्हणालीस. तुझ्या तोंडून ऐकलं. मला आणखी काय हवं?"

"मी..."

"इतकं गोड बोलायला कधी शिकलीस गं? मला आधी ओळखूच आली नाहीस." नेदा हसली. अकरा वर्षांत वेलिकाने ते हसू पाहिलं नव्हतं. "हात मात्र किती गार होते तुझे. आता बरे आहेत."

ती मी नव्हते, एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं की ते हसू गेलं असतं, आणि ते परत आणायला दिवस उरला नव्हता.

वेलिकाने आयुष्यात कुठला शब्द गिळला नव्हता. हा गिळला.

"हो," ती म्हणाली. "घाटात गारठा होता."

नेदाने मान हलवली आणि पांघरूण बाजूला सारलं.

तिच्या पायांत बूट होते.

बाहेर जायचे, चामड्याचे, नाड्या घट्ट आवळलेले. सुजलेल्या पायांवर ते कसे चढले असतील, देव जाणे.

"हे कोणी घातले?"

"तूच घातलेस की." नेदाला आश्चर्य वाटलं. "गाडी गार आहे तोवर निघू, म्हणालीस. मी तयार आहे."

वेलिका गुडघ्यांवर बसली. तिने नाडी धरली. गाठ भिजून दगडासारखी झाली होती. नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना.

"राहू दे गं," वरून नेदा म्हणाली.

"गप्प बस. सोडू दे मला."

मग नेदाचा आवाज आला. हळू, लाडिक, लहानपणी ती फक्त मोठ्या बहिणीशीच बोलायची तसा. वेलिकाने मान वर केली. नेदा तिच्याकडे बघत नव्हती. ती तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत होती.

"थांब ना जरा," ती म्हणत होती. "आलेच."