पाडलेला तिसरा मजला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मधेच कुणी हसलं तर मी उठून झोपायला जाईन.

हे ज्याच्याबाबतीत घडलं, तो नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. खिशात सदैव मोजायची टेप, म्हणून सगळे त्याला टेपमास्तर म्हणत.

गेल्या वर्षी, अठरा नोव्हेंबर, मंगळवार. साहेबांचा हुकूम सुटला होता: बेकायदा बांधकामांच्या जुन्या फायली महिनाअखेर निकाली काढा. मास्तरच्या वाट्याला अकरा वर्षं रखडलेली एक फाइल आली. घरमालकाने परवानगीशिवाय तिसरा मजला चढवलेला. नोटीस, सुनावणी, पुढची तारीख, पुन्हा नोटीस. आणि सगळ्यात वर मालकाचा ताजा अर्ज: मजला मी स्वतःहून पाडला आहे, प्रकरण बंद करावं.

मास्तरचा विश्वास बसेना. लोक पुढची भिंत पाडतात आणि मागची खोली तशीच ठेवतात, हे त्याने ढिगाने पाहिलं होतं. सांगून गेलं तर मालक सारवासारव करणार. म्हणून कुणालाही न कळवता, दिवेलागणीनंतर तो तिथे पोचला.

मालक धडाधड जिना उतरून खाली आला. जिभेवर नुसती साखर.

"साहेब, एवढ्या अंधारात कशाला तसदी? इथेच सही करून टाका की!"

"वर जाऊन आल्यावर करतो."

"मग तुम्हीच जा. माझे गुडघे धरलेत."

आत्ता धडाधड उतरलेला माणूस! मास्तरच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला. तेवढ्यात डोक्यावर कुणीतरी चाललं. सावकाश. मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज.

'सापडला चोर,' मास्तर मनात म्हणाला.

समोरच्या दारात तिथल्या भाडेकरू आजी उभ्या होत्या. त्याने विचारलं, "आजी, वर कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मालक म्हणतो, मजला पाडला."

"पाडला म्हणतो?" आजींचा आवाज खाली आला. "पाडला नाही, बाबा. पडला."

"पडला? आत कुणी होतं का?"

आजींनी छताकडे पाहिलं...

आणि दाराला आतून कडी घातली.

मास्तर गच्चीवर आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने बॅटरी फिरवली. खांबांचे चार तुटके बुंधे. बाकी मोकळं. वर आभाळ.

माणूस नाही. खोली नाही. मग चाललं कोण?

आलोच आहोत तर मोजून घेऊ, म्हणून त्याने टेप पुढे सरकवली. नऊ फूट... दहा... बारा.

टेप अडली.

त्याने बॅटरी मारली. समोर काही नव्हतं.

त्याने जोर लावला. टेप मधोमध वाकली. पुढे जाईना.

तो चाचपत पुढे गेला. उजवा खांदा कशावर तरी घासला. गार. सपाट.

"कोण आहे?"

...

पावलं वाजली. आता डोक्यावर नाही. समोरून. अगदी जवळ आली... आणि थांबली.

मास्तर जिना कसा उतरला, त्याचं त्यालाच माहीत. खाली मालक पेन उघडून उभा होता. त्याने पेन पुढे केलं. मग त्याची नजर मास्तरच्या खांद्यावर गेली. चेहरा पांढराफटक. पेन मिटून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरने फायलीवर शेरा लिहिला: 'मजला दिसत नाही. तो नाही, असं म्हणता येत नाही.' साहेब चिडले, पण शेरा बदलायला तो तयार झाला नाही. फाइल आजही उघडीच आहे.

संध्याकाळी तो मला घरी घेऊन गेला. दोरीवर त्याचा कालचा सदरा एकटाच लटकत होता. खांद्यापासून कोपरापर्यंत निळा रंग. भिंतीला देतात तसला. वहिनींनी दोनदा धुतला होता म्हणे. मालकाच्या घराच्या उरलेल्या मजल्यांत निळी भिंत एकही नाही, हे मी नंतर स्वतः पाहून आलो.

मी नुसतं बोट लावलं.

रंग ओला होता.