वाढलेल्या आकड्याचा धनी

दुसऱ्या दिवशी दुपारी राजीनामा द्यायचा होता, आणि डॉ. प्रियदर्शनी इंगळे अकोल्याहून अमरावतीला आल्या होत्या त्या भांडायच्या तयारीने.

खासगी तपासनीस नीलम तायडेच्या कचेरीत शिरताच त्यांनी खुर्ची ओढली. "मी चोर नाही आणि राजीनामा देणार नाही. एवढं आधी ऐकून घ्या."

देवमनमामांना बाई तिथेच आवडल्या. एसटीतून निवृत्त झाल्यापासून मामा भाचीची गाडी चालवत आणि तिच्या तपासात आपलं डोकंही चालवून पाहत. पहिलं काम त्यांना उत्तम जमे.

"आरोप काय आहे?" नीलमने विचारलं.

"माझा आकडा वाढला."

"वाढला तं चांगलंच हाय ना बाई?" मामा गोंधळले.

बाईंनी समजावून सांगितलं. कॉलेजने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती संशोधक करतात हे ते मोजतं आणि त्यावरून प्राध्यापकांची, कॉलेजांची क्रमवारी लावतं. यंदा बाईंचे उल्लेख एकाएकी भरमसाट वाढले. मग गेल्या आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीचा अहवाल आला की हे उल्लेख बनावट आहेत, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले. विभागप्रमुखपद हातचं गेलं आणि संस्थेने राजीनामा मागितला.

"आमच्या घरातली पहिली डॉक्टरेट आहे ही," बाईंचा आवाज चढला. "वावरावावरात माती उकरून मिळवलेली. तिच्यावर मी चिखल उडू देणार नाही."

त्यांनी आपला निबंध आणि काही बनावट लेख टेबलावर टाकले. इंग्रजीशी मामांचं फारसं जमत नसे, पण एका बनावट लेखात ओळखीचं नाव दिसताच ते खुलले. "अवं, यात हिवरखेड हाय! माही सासुरवाडी!"

नीलमने बाकीचे बनावट लेख पाहिले, मग बाईंचा निबंध चाळला. "बनावट लेखांत सगळीकडे हिवरखेड. पण मॅडम, तुमच्या निबंधात दहीहंडा, म्हैसांग आणि उगवा."

"पहिल्या मसुद्यात हिवरखेड होतं. माझा विषय खारपाणपट्टा. खारं पाणी जमिनीचं काय करतं, हा. हिवरखेडच्या ज्या विहिरी घेतल्या त्यांचं पाणी गोड निघालं, म्हणून छापण्याआधी ते गाव गाळलं."

"मसुदा कोणाकडे होता?"

"प्राचार्यांकडे सहीसाठी. आणि योगेश भुयार सरांकडे. तेव्हा आम्ही एकाच खोलीत बसायचो."

सकाळी मामांनी गाडी अकोल्याला आणली. कॉलेजच्या फाटकावर प्राचार्यांच्या फोटोसह भलामोठा फलक होता: 'संशोधनात विभागात अव्वल! अमरावतीलाही मागे टाकले!'

मामा अमरावतीचे. त्यांना ते झोंबलं. "रंग तं पार उडाला. उन्हाळ्यातला दिसते. अजून काहून टांगून ठेवला?"

"राहू द्या मामा. कामाचा आहे," नीलम म्हणाली.

आकड्यांचं काम पाहणारा नितेश घाबरलेला होता. "मॅडम, मी दिवाळीनंतर लागलो. निबंध तर त्याच्या कितीतरी आधी छापून आलेला. आकडे कंपनीकडून येतात. मी फक्त प्राचार्य सरांना दाखवतो. ते आपला आणि अमरावतीच्या कॉलेजचा, एवढे दोनच पाहतात."

बाई गेल्या तर विभागप्रमुख होणार होते योगेश भुयार. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पद मला हवंय. पण असं नको."

"त्यांचं काम कसं आहे?"

"कच्चं! तीन गावांवरून अख्ख्या पट्ट्याचा निष्कर्ष? त्यातही उगव्याची माती पेरणीआधीची आणि बाकीची नंतरची. मी त्यांना तोंडावर सांगितलंय."

बाहेर येताच मामांनी निकाल दिला. "हाच! कसा जळून राहिला पाहा."

प्राचार्य खुशालराव माहोरे मात्र गहिवरले. चहा मागवला. "गुणी बाई हो! हिवरखेडच्या जमिनीवरचं तिचं काम म्हणजे कॉलेजचं भूषण. पण आकड्याचा मोह कोणाला सुटतो?"

"निबंध वाचलाय तुम्ही?"

"म्हणजे काय! ओळ न् ओळ."

मामांना हा माणूस फार सज्जन वाटला.

दुपारी संस्थेची बैठक भरली. अध्यक्ष किसनराव मधोमध, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला भुयार. बाईंसमोर राजीनाम्याचा कागद होता आणि त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"सगळे विचारतात, बाईंचा वैरी कोण," नीलमने सुरुवात केली. "पण वैऱ्याने आकडा वाढवला असता, तर लगेच बोंबही त्यानेच मारली असती. इथे आधी फलक लागला. त्याचा रंग उडाला तरी सगळे गप्प. बोलली ती कंपनी. म्हणजे बाईंना पाडायचं नव्हतंच, कॉलेजला वर चढवायचं होतं. प्राध्यापकाचा आकडा वाढला की कॉलेजचा वाढतो."

"मग याच बाई कशाला?" किसनरावांनी विचारलं.

"यांचे खरे उल्लेख आधीच सर्वांत जास्त. त्यात खोटे खपून जातील असं वाटलं. आणि उघडकीस आलं, तेव्हा दोषही यांच्यावरच ढकलता आला."

प्राचार्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"बनावट लेखांत हिवरखेड आहे, छापील निबंधात नाही. म्हणजे ज्याने हे लेख लिहवून घेतले, त्याने जुना मसुदा पुढे केला. मसुदा फिरत होता तेव्हा नितेश इथे नव्हता. भुयार सरांना छापील निबंधातल्या चुकासुद्धा पाठ आहेत. हिवरखेड गाळलं हे त्यांना ठाऊक. उरतो तो, ज्याने मसुद्यावर सही केली आणि निबंध कधी उघडलाच नाही."

"मी वाचलाय!" प्राचार्य ओरडले.

"मग सांगा सर, हिवरखेडच्या जमिनीबद्दल निष्कर्ष काय?"

"तो... तिथल्या खाऱ्या पाण्याने जमीन... चिबडते, नापीक होते..."

मामांना राहवलं नाही. "साहेब, माह्या सासुरवाडीचं पानी गोडं हाय!"

प्राचार्य खुर्चीत खचले. "कॉलेजसाठीच केलं हो," ते पुटपुटले. "अमरावतीच्या खाली किती वर्षं राहायचं?"

किसनरावांनी राजीनाम्याचा कागद उचलून उलटा केला आणि कोरी बाजू प्राचार्यांपुढे सरकवली. मग ते अवघडून बाईंकडे वळले. "मॅडम, खोटे उल्लेख काढून टाकू. पण मग तुमचा खरा आकडा किती राहील?"

प्रियदर्शनीबाई ताडकन उभ्या राहिल्या. आतापर्यंत जपलेली कॉलेजची भाषा गळून पडली.

"अजूनही आकडाच! या खोलीत माह्यावर सगळे बोलले. वाचलं कोनी? एका भुयार सरांनी, आन् ते माह्या विरोधात हायेत!" त्यांनी निबंधाच्या प्रती टेबलावर आपटल्या. "वाचा. चुकलं असन तं तोंडावर सांगा. तवरोक मी इथून हालत नाही."

किसनरावांनी चष्मा चढवला. पानं उलटण्याचा आवाज सुरू झाला.

भुयारांनी खुर्ची पुढे ओढली. "उगव्यापासून सुरुवात करू?"

"करा," बाई म्हणाल्या आणि बाह्या सरसावून त्यांच्यासमोर बसल्या. "पाहू कोनाचं खरं निघते."